खुंट्यावरचं पाणी

"भित्री माणसं. नुसती भित्री असती तरी चाललं असतं. पण आपल्या भित्रेपणाला झगा चढवून वेदीवर उभं केलंय, आणि त्याला नाव काय दिलंय, तर देवाची योजना. का म्हणून ऐकायचं मी?"

फादर बस्त्याव मांडीवर जाळ्याचा फाटका पदर घेऊन बसले होते. त्यांनी दोऱ्याची गाठ दातांनी आवळली.

"कोण भित्रं?"

"सगळे."

"त्यात मलाही धरायचं का? म्हणजे तसं सावरून बसतो."

मेल्विनला हसू आलं नाही. हसण्यासाठी तो आलाच नव्हता.

मेल्विन तुस्कानो डिकन होता, पाद्री होण्याच्या एक पायरी अलीकडे. अर्थशास्त्राची पदवी, तिच्यावर सात वर्षं सेमिनरी, आणि देवाने दिलेला असा आवाज, की तो चर्चच्या शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यालाही जागं करायचा. बारा दिवसांनी, एकवीस तारखेला, त्याची गुरुदीक्षा होती. बावीसला त्याला डोंगरातल्या एका मिशनवर रुजू व्हायचं होतं.

आणि तेवीसला इथे, दांडेपाड्याच्या किनाऱ्यावर, जनसुनावणी होती.

दांडेपाड्यासमोरच्या समुद्रात एका कंपनीला जेट्टी बांधायची होती. दोन वर्षं मेल्विन तिच्या आडवा उभा होता. मोर्चे त्याने काढले. घरोघर तो फिरला. हरकतींचा अर्ज त्याने लिहिला, त्यावर दोनशे बारा जणांच्या सह्या आणि अंगठे त्याने घेतले. सुनावणीत बोलणारही तोच होता. आणि ऐन वेळी चर्चमधले वरिष्ठ त्याला उचलून डोंगरात टाकत होते.

"एका दिवसाने चुकतंय, फादर. फक्त एका दिवसाने. हा योगायोग आहे?"

"नसेल."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय, असं तुम्हालाही वाटतं?"

"केलंही असेल. झगा घातला म्हणून माणूस आतून धुतला जात नाही. मी पन्नास वर्षं घालतोय, मला विचार."

मेल्विन गडबडला. म्हातारा विरोध करील, या तयारीने तो आला होता. वाटेत एसटीत त्याने एकेक उत्तर धार लावून ठेवलं होतं. आता त्या धारेचं करायचं काय?

फादर बस्त्याव निवृत्त होऊन किनाऱ्यावरच्या क्रुसामागच्या एका खोलीत राहत. आसपासच्या गावांत म्हणत, की दर तिसऱ्या पाद्रीला या माणसाने घडवलंय आणि दर चौथ्याला पळवून लावलंय. मेल्विन सेमिनरीत असताना दर सुट्टीत त्यांच्याकडे यायचा. त्यांनी त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. तरी तो यायचा.

त्याने खिशातून लिफाफा काढला.

"बिशपांना पत्र लिहिलंय. मला इथेच ठेवा, नाहीतर गुरुदीक्षा नको. खाली तुमची सही हवी. तुमच्या सहीला वजन आहे."

फादरनी हात पुढे केला. पत्र घेतलं. घडी उलगडली. पेन मागून घेतलं, आणि मजकुराकडे ढुंकूनही न बघता खाली सही ठोकली.

"घे."

"...तुम्ही वाचलं नाही."

"नाही."

"न वाचता सही केलीत?"

फादरनी जाळं खांद्यावर टाकलं आणि गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"चल. इनास खोळंबलाय. भांडायचं असेल तर होडीत भांड."

...

इनास नाखव्याची होडी पाण्यात डुलत होती. दोन खलाशी आधीच चढून बसले होते. काठावर इनासची बायको रेमेत बांबूच्या वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, बोंबील अडकवत होती. एकेका जोडीचे जबडे एकमेकांत गुंतवायचे आणि बांबूवर टाकायचे. तिचे हात बघता बघता ओळ भरत होते.

"ब्रदर, चपला काढा," ती मागे न बघता म्हणाली. "वाडीतल्या चपला समुद्राला नाय चालत."

मेल्विन केळीच्या बागांमधला. समुद्रापासून आठ मैल आत. दोन वर्षं तो दांडेपाड्याच्या घराघरांत चहा प्यायला होता, पण होडीत आज पहिल्यांदा चढत होता. कुणाला वाटलं नसतं, पण खरं होतं. मोर्चा रस्त्यावर निघतो, पाण्यावर नाही.

रेमेतने भाकऱ्यांचं फडकं नाखव्याकडे फेकलं.

"ब्रदरना दोन जास्त बांधल्यात. उलटी झाली की परत भूक लागते."

इंजिन धडधडायला लागलं. किनारा मागे सरला. मेल्विन फादरसमोर उकिडवा बसला, एका हाताने होडीची कड धरून.

"फादर, एक सरळ विचारतो. तुमचा तरी या योजनेवर विश्वास आहे?"

"आहे."

"पाहिलीय?"

"एक पानही नाही."

"मग?"

"पाहिली असती तर मी तिच्यात दुरुस्त्या सुचवल्या असत्या. त्याला माहीत आहे ते. म्हणून दाखवत नाही."

मागे सुकाणूवर बसलेला इनास नाखवा फसकन हसला. मेल्विनची कानशिलं तापली.

"हसण्यावारी नेऊ नका. कुणी बुडालं, देवाची योजना. कुणाची जमीन गेली, देवाची योजना. पोर औषधाविना मेलं, तीही त्याचीच योजना. गरिबाला गप्प करायचं याहून स्वस्त औषध कुणी शोधलं नसेल. मी असल्या देवाचा पाद्री व्हायचं?"

"नको होऊस."

"...काय?"

"असल्या देवाचा पाद्री होऊ नकोस. मी एकदा झालो होतो. तरुण होतो, तुझ्याएवढा. एका मयतावर बोललो, बाई, ही देवाची योजना होती. तिचा मुलगा होता तो. तिने माझ्याकडे पाहिलं..."

फादरनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

"काय म्हणाली?"

"काही नाही. अजून तशीच बघते आहे."

कडेवरून आलेला पाण्याचा सपका मेल्विनने बाहीने तोंडावरून पुसला.

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे आहात," मेल्विन म्हणाला.

"मी इनासच्या होडीत आहे," फादर म्हणाले.

...

किनारा एका रेघेएवढा राहिला, तेव्हा इनासने इंजिन बंद केलं. पाण्यावर पिंपं तरंगत होती. त्यांच्याखाली समुद्राच्या तळात झाडांच्या खोडांएवढे खुंटे ठोकलेले, आणि खुंट्यांना बांधलेली डोल, म्हणजे भलंमोठं पिशवीसारखं जाळं. पहाटे इनासने ती उघडून ठेवली होती. पाणी वाहत येतं, आपल्याबरोबर मासळी आणतं, ती जाळ्यात शिरते. कोळ्याने मासळीच्या मागे धावायचं नसतं. पाण्याने आणायचं, याने फक्त तोंड उघडं ठेवायचं.

खलाशांनी होडी पिंपाला बांधली आणि भाकरीचं फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. इनास मांडी घालून जेवायला बसला.

मेल्विनने मोबाईल काढला. त्यात भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं.

"दहा अठ्ठेचाळीसला पूर्ण भरती. आता अकरा वाजलेत, नाखवा. काढा जाळं."

"थांबा, ब्रदर. ती किनाऱ्याची भरती. खुंट्यावरचं पाणी अजून पळतंय."

"किती वेळ?"

"थांबेल तेव्हा थांबेल."

"पण किती?"

इनासने भाकरीचा तुकडा मोडला. "ते पाण्याला विचारा."

मेल्विन फादरकडे वळला. त्याला वाटलं, या दोघांनी मिळून हे जुळवून आणलंय. होडीत बसवून त्याला सबुरीचा धडा द्यायचा. त्याच्या अंगाची लाही झाली.

"थांबा. थांबा. दोन हजार वर्षं हेच ऐकवताय लोकांना. थांबा, देव बघतोय. आणि तोवर तिकडे जेट्टीचे दगड येऊन पडतात."

त्याने बाह्या सारल्या आणि जाळ्याच्या शेपटाचा दोर धरला.

"ब्रदर, नका," एक खलाशी म्हणाला.

त्याने ओढला. दोन हात दोर आला. पाय फळीला रोवून तो मागे रेलला. अजून अर्धा हात. मग जाळ्यात शिरलेल्या पाण्याने दोर आपल्याकडे खेचला, एखाद्या बैलाने मान झटकावी तसा. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला. होडी एका अंगाला कलंडली. चटणीचा डबा घरंगळत गेला आणि इनासने पायाने अडवला.

मेल्विनने पुन्हा धरला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा धरला, तेव्हा दोरावर रक्त होतं.

कुणी त्याला थांबवलं नाही. कुणी हातही लावला नाही. फादर बस्त्याव भाकरी चावत होते, दात कमी असल्यामुळे जरा हळूच.

तो खाली बसला. तळवे जळत होते. राग त्याहून जास्त.

"हे वेडेपण आहे," तो धापा टाकत म्हणाला. "इथे पाणी एवढं जोरात असतं, तर जाळं दुसरीकडे का लावत नाही तुम्ही? जरा तिकडे. पाणी मवाळ असेल तिथे."

इनासने घास हातातच ठेवला. दोघा खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दुसरीकडे?" इनास म्हणाला. "ब्रदर, खुंटा काय खिशात घालून फिरायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा माझा खुंटा. माझ्या आज्याच्या बापाने ही जागा धरली. त्या पलीकडचं लाल पिंप मिंगेलचं. त्याच्या बापाचं, त्याच्या आज्याचं. तिकडे दोमनिकचं. मध्ये रिकामी जागा वीतभर नाय. एक खुंटा ठोकायला वीस माणसं लागतात. आणि असा कुठेपण ठोकून नाय चालत. खाली चिखल किती, पाणी कुठून वळतं, सगळं बघायला लागतं. जागा गेली म्हणजे गेली. समुद्र एवढा मोठा दिसतो तुम्हाला, पण आमचा समुद्र एवढाच."

त्याने बोटाने पाण्यावर एक चौकोन दाखवला. अंगणाएवढा.

मेल्विन बघत राहिला.

आणि त्याला आपला अर्ज आठवला. तिसरा मुद्दा. त्याने तो रात्र-रात्र जागून, शहरातल्या एका वकिलाला दाखवून लिहिला होता. 'जेट्टी झाल्यास मच्छीमारांना जाळी टाकण्यासाठी अधिक दूर जावे लागेल व त्यांचा डिझेलचा खर्च वाढेल.' वाक्य त्याला फार आवडलं होतं. साधं, पक्कं, आकडे मांडता येण्यासारखं.

दूर जावे लागेल. म्हणजे जाता येईल.

तेवीस तारखेला कंपनीचा माणूस उठेल आणि म्हणेल, गाव स्वतःच लिहून देतंय. डिझेल आम्ही देतो. मिटलं.

तो इनासकडे सरकला.

"नाखवा... हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? खुंट्यांचं?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

"पण अर्जात मी चुकीचं लिहिलंय. तुम्ही सही केलीत त्यावर."

"केली ना. तुम्ही म्हणालात, इथे करा. मी केली." इनास सहज म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही शिकलेले, ब्रदर. म्हणालात, सुनावणीत कुणी मध्ये बोलू नका, मी बोलतो. आम्ही म्हटलं, बरं."

"अर्ज त्यांना वाचून दाखवला होतास?" फादरनी विचारलं.

मेल्विनने तळव्यावरचं रक्त सदऱ्याला पुसलं.

"एकदा तरी?"

"...वेळ नव्हता. दोनशे बारा माणसं होती."

फादरनी झग्याच्या खिशात हात घातला आणि काहीतरी त्याच्यापुढे धरलं.

"तुझं पेन. मघाशी माझ्याकडेच राहिलं."

मेल्विनने पेन घेतलं. त्याचे डोळे न वाचता सही ठोकणाऱ्या त्या म्हाताऱ्या हातावर खिळून राहिले. मग तो हात मागे गेला.



...

मग पाणी थांबलं.

ते केव्हा थांबलं हे मेल्विनला कळलं नाही. इनासला कळलं. त्याने फडक्याला हात पुसले आणि उभा राहिला. मघापासून एका अंगाला झुकलेलं पिंप सरळ झालं होतं. ताठ दोर सैल पडले होते. पाण्यावर फेसाचा एक तुकडा जागच्या जागी फिरत होता, कुठे जावं हे न सुचल्यासारखा.

"फादर, घ्या," इनास म्हणाला.

फादर बस्त्याव उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दमेकरी. त्यांनी एका हाताने होडीची कड धरली आणि दुसऱ्या हाताने तोच दोर उचलला, ज्यावर अजून रक्ताचे डाग होते. ओढला. दोर आला. पुन्हा ओढला. बादलीतून भिजलं धोतर काढावं तसं जाळ्याचं शेपूट वर येत गेलं. मग खलाशांनी हात घातले, गाठ सोडली, आणि होडीच्या तळात बोंबील, जवळा, मांदेली यांचा चकाकता ढीग ओतला गेला.

मेल्विन ते बघून आणखी पेटला. हरलेला माणूस पेटतो तसा.

"कळलं, फादर. कळलं मला. पण हे जाळं आहे. जेट्टी म्हणजे जाळं नव्हे. ती थांबून बसल्याने अडत नाही."

"थांब कोण म्हणालं तुला?" फादर धाप लागून खाली बसत होते. "खुंटा ठोकायला इनास थांबला होता? पहाटे जाळं उघडायला थांबला होता? कोळ्याला आळशी म्हणशील तर रेमेत तुला सोलून वलांडीवर घालील."

"मग थांबतो म्हणजे इथे राहतो. आता तर राहायलाच हवं. चूक मी केली, निस्तरणार मी. अर्ज मी पुन्हा लिहितो. सुनावणीत मीच..."

"मी, मी, मी, मी," फादर म्हणाले. "चार झाले."

"मग कोण करणार?"

होडीच्या दुसऱ्या टोकाला इनास पाठमोरा वाकून मासळी निवडत होता. त्या पाठीकडे फादर बघत होते.

"आणि मी गेलो, आणि हे हरले तर?"

"हरतीलही."

"ती देवाची योजना?"

"नाही." फादरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ते त्या कंपनीचं पाप. आणि जे कागदावर शिक्का मारतील त्यांचं. ते देवाच्या अंगावर ढकलशील तर इथेच उतरवीन तुला."

"मग त्याची योजना कोणती? मला डोंगरात फेकणं?"

फादरनी झग्याला चिकटलेला जवळा झटकला.

"सांगा ना."

"माहीत नाही, मेल्विन."

म्हाताऱ्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं.

"रोज भांडतो मी त्याच्याशी. क्रुसासमोर उभा राहून. मोठ्याने. इनासला विचार, त्याची झोपमोड होते. देव काही बोलत नाही. मग मी उठतो, आणि जिथे धाडलंय तिथे जातो. दात-ओठ खात. माझी सात वेळा बदली झाली. सातही वेळा मला जायचं नव्हतं. एकदा गेलोच नाही."

"म्हणजे?"

"बिशपांशी भांडलो आणि राहिलो. अकरा वर्षं. शाळा बांधली, स्वतः विटा वाहिल्या. माझ्या शब्दाशिवाय तिथे घंटा होत नव्हती."

"मग ते बरोबरच होतं. तुम्ही राहिलात म्हणून शाळा झाली."

"हो. मग मला दम्याने गाठलं, सहा महिने इस्पितळात होतो. परत गेलो तर वर्गात बकऱ्या बांधलेल्या. मी मास्तरांना विचारलं, शाळा का बंद केलीत? ते म्हणाले, फादर, घंटा कधी द्यायची ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत."

इनास मान न वळवता म्हणाला, "बकऱ्या चांगल्या होत्या म्हणे."

"उत्तम होत्या," फादर म्हणाले.

मेल्विनने तळवे उघडले. सोललेल्या कातडीवर मीठ चुरचुरत होतं.

"आणि डोंगरात माझ्यासाठी काय आहे?"

"चाळीस घरं आहेत. तुझ्यासाठी आहेत असं कोण म्हणालं?"

इंजिन पुन्हा सुरू झालं. किनाऱ्याची रेघ जाड होत गेली.

"आणि हे पत्र?" मेल्विनने छातीच्या खिशावर हात ठेवला.

"तुझं आहे. दे, नाहीतर ठेव. दिलंस तर बिशपांसमोर तुझ्या शेजारी उभा राहीन. सही माझी आहे."

"तुम्हाला पटत नसताना?"

"सही माझी आहे," फादर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मेल्विनला त्यांचा भयंकर राग आला. या माणसाने नाही म्हटलं असतं, तर त्याच्याविरुद्ध उभं राहता आलं असतं. हो म्हटलं असतं, तर त्याच्या आधाराने. त्याने दोन्ही दारं उघडी टाकली होती आणि वर स्वतः झोपायला लागला होता. आणि वर तो देव. तोही असाच, काही न बोलणारा. मेल्विनने मनातल्या मनात त्याला दोन शब्द सुनावले. गोड नव्हते. पण सात वर्षांच्या पाठ केलेल्या प्रार्थनांमध्ये त्याला आठवत होतं तिथवर हे पहिलंच बोलणं होतं, जे तो कुणाकडून शिकला नव्हता.

किनारा जवळ आला तसा तो उठून होडीच्या मागच्या टोकाला, इनासकडे गेला.

"नाखवा, ते खुंट्यांचं... तेवीसला तुम्ही सांगाल का? जसं मला सांगितलंत तसंच?"

"मी?" इनासने दचकून सुकाणू घट्ट धरलं. "साहेब लोक दिसले की माझा घसा सुकतो, ब्रदर. लग्नात पाद्रींनी विचारलं, हिला पत्करतोस का, तर मला हो म्हणायला दोनदा खोकायला लागलं. ते घरचीला सांगा. ती पण खुंट्याचीच. बापाकडून एक, माझ्याकडून एक."

होडी वाळूला लागली. फादर बस्त्याव कुणाचा हात न घेता उतरले आणि खोलीकडे चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. क्षणभर वाटलं, मेल्विन त्यांच्या पाठीमागे जाईल. तो गेला नाही.

तो वलांडीकडे गेला.

रेमेतच्या तीन ओळी भरल्या होत्या. त्याला बघून तिने त्याच्या तळव्यांकडे नजर टाकली, आणि काय झालं असेल ते तिला न विचारताच कळलं.

"हळद लावा," ती म्हणाली.

"रेमेतबाय, अर्जात मी चूक लिहिलंय. खुंट्यांचं मला ठाऊकच नव्हतं. तो फाडून नवा करायचा. तुम्ही सगळ्यांनी सांगायचं, मी फक्त लिहीन. आणि मग चर्चच्या आवारात सगळ्यांना वाचून दाखवीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पटलं तर सही करा, नाहीतर नका करू."

"बरं."

"गुरुदीक्षेआधी दहा-अकरा दिवस आहेत."

"पुष्कळ झाले."

तो घुटमळला. दोन वर्षं त्याने तेवीस तारखेचं भाषण मनात घोळवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं पाठ होतं. त्याने एकदा समुद्राकडे पाहिलं, अशा नजरेने, की जणू कुणाचा तरी सूड घ्यायचा आहे.

"आणि तेवीसला मी इथे नसेन," तो म्हणाला. "मला बावीसला डोंगरात जायचंय. मी जातोय."

रेमेतने हातातली बोंबलांची जोडी बांबूवर टाकली. पुढची उचलली. जबड्यात जबडा गुंतवला.

"मग तो माईक जरा खाली करायला सांगून जा," ती म्हणाली. "तुमच्या उंचीला माझं तोंड नाय पोचत."